ध्येयवाक्य कोणाला वाचून दाखवायचं?

आयुष्याचं ध्येयवाक्य लिहून घेण्याचा उपक्रम आता शाळा-कॉलेजांपासून कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांपर्यंत सगळीकडे पोचला आहे. दहावीच्या मुलांचं सुट्टीतलं शिबिर असो, नव्याने रुजू झालेल्या इंजिनियरांची कार्यशाळा असो, हातात एक कोरा कागद येतो आणि आपण कशासाठी जगणार ते दोन-तीन ओळींत लिहायला सांगितलं जातं. कागद भरतात, त्यांतले काही मोठ्याने वाचले जातात, टाळ्या होतात, आणि ते भिंतीवरच्या तक्त्यावर टाचले जातात.

मी या उपक्रमाच्या विरोधात नाही. माणसाने वर्षानुवर्षं नुसतं ढकललं जावं आणि चाळिशीत कधीतरी 'आपण इथे कसे आलो' असं विचारत बसावं, त्यापेक्षा विशी-बाविशीत थांबून चार ओळी लिहिणं केव्हाही बरं. माझी तक्रार लिहून घेण्याच्या पद्धतीबद्दल आहे. या वर्गांत शब्द कसे निवडावेत, वाक्य छोटं कसं ठेवावं, रोज सकाळी ते कसं वाचावं, हे सगळं शिकवतात. ते वाक्य कोणाला उद्देशून लिहायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळं तिथेच अडलं आहे. ध्येयवाक्य ज्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागणार आहे त्याला उद्देशून लिहावं, आणि त्यात ती किंमत सांगितलेली असावी. तसं नसेल तर कागद वाया गेला.

अशा वर्गांत लिहिली जाणारी वाक्यं साधारण एकाच साच्यातली असतात. 'सकारात्मक विचारांनी स्वतःचा सर्वांगीण विकास साधून समाजासाठी प्रेरणास्थान बनणे.' यात चुकीचं काहीच नाही, आणि अडचण तीच आहे. या वाक्याला विरोध करणारा माणूस सापडणार नाही. उद्या दुप्पट पगाराची पण मनाला न पटणारी नोकरी समोर आली, तर ती घ्यावी की सोडावी हे या वाक्यावरून ठरत नाही. आईचं आजारपण आणि परदेशातली संधी एकाच महिन्यात आली तरी हे वाक्य गप्पच राहील. त्याला लिहिणाऱ्याकडून काही नको आहे, इतरांकडूनही काही नको आहे.

आता आपल्याकडचंच एक उदाहरण घेऊ. गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असं जिथे आसरा मिळेल तिथे राहून शिकले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. एकच सदरा रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगावर चढवायचा, ही त्यांची हकिगत आपण शाळेत वाचलेली असते. त्या काळी एम. ए. होणाऱ्या तरुणाला सरकारी नोकरीत मोठी जागा जवळपास ठरलेली होती. त्या उंबरठ्यावर असताना त्यांनी आईला पत्र लिहिलं. ते प्रसिद्ध आहे, पण 'त्यागाचं उदाहरण' म्हणून सांगून सांगून त्याची घडण आपल्या नजरेआड झाली आहे.

त्या पत्रात आगरकर आधी आईची आशा स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवतात. मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतो आहे, आता त्याला भरभक्कम पगाराची चाकरी लागेल आणि आपले पांग फिटतील, असं तुला वाटत असेल, असं ते तिला लिहितात. आणि लगेच सांगतात की तसं होणार नाही: फार पैशाची, फार सुखाची हाव न धरता पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून बाकीचा सगळा वेळ मी लोकांच्या कामात घालणार आहे, आणि हे तुला आत्ताच सांगून ठेवतो.

'आत्ताच सांगून ठेवतो' यात त्या पत्राचा सगळा प्रामाणिकपणा आहे. आगरकरांना कोणावर छाप पाडायची नव्हती. पत्र वाचणारी बाई टाळ्या वाजवणार नव्हती, कदाचित रडणार होती. मुलाच्या शिक्षणापायी तिने जी वर्षं काढली त्यांचा मोबदला पैशाच्या रूपाने मिळणार नाही, हे तिला मुलाकडूनच आणि वेळेवर कळत होतं. पत्रात स्वतःबद्दल एकही विशेषण नाही. काय करणार, काय घेणार नाही आणि त्यामुळे कोणाचं काय बुडेल, एवढंच आहे. हा तरुण पुढे न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेजच्या उभारणीत राहिला, कोल्हापूरच्या दिवाणावरच्या लेखनापायी झालेल्या बदनामीच्या खटल्यात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिला, १८८८ मध्ये त्याने 'सुधारक' हे साप्ताहिक काढलं आणि १८९५ च्या जूनमध्ये, चाळिशीही न गाठता, फर्ग्युसनचा प्राचार्य असताना गेला. आईला लिहिलेली ओळ आणि हे आयुष्य यांच्यात फट सापडत नाही.

याच्या शेजारी आजचं चित्र ठेवून पाहा. परदेशी विद्यापीठात प्रवेश घेणारा प्रत्येक मुलगा आता आपल्या आयुष्याच्या उद्देशाबद्दल हजारेक शब्द लिहितो. त्याला एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणतात. पुण्यात, नाशकात, नागपुरात ते लिहून देणारी, निदान घासूनपुसून देणारी कन्सल्टन्सी असते. आता तर ते काम एआयकडूनही करून घेतात. लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं, मला शाश्वत विकासासाठी तंत्रज्ञान वापरायचं आहे, अशा मजकुराचा वाचक दारावर बसलेला असतो. त्याच्याकडून काहीतरी मिळवायचं असतं, म्हणून त्याला जे ऐकायला आवडेल ते लिहिलं जातं.

आणि त्याच आठवड्यात त्या मुलाचे वडील बँकेत शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून सह्या करत असतात. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सहसा तारण लागतं, म्हणजे राहता फ्लॅट नाहीतर गावाकडची जागा. क्लार्क बोट ठेवून दाखवतो, 'काका, इथे, आणि इथे, आणि मागच्या पानावर'. काका चष्मा सारखा करून सही करत जातात. फाइलमध्ये खाली कुठेतरी मुलाच्या एसओपीची प्रत असते. ती इंग्रजीत असते आणि काकांनी ती वाचलेली नसते. वाचायला दिलेलीच नसते. शिकून परत येणार की तिथेच राहणार, हप्ते कधीपासून कोण भरणार, आई-वडिलांना म्हातारपणी कोण पाहणार, यांतला एकही शब्द त्या हजार शब्दांत नसतो. मुलाच्या आयुष्याच्या उद्देशाची सगळ्यात मोठी किंमत ज्या माणसाने तारण ठेवली, त्याला तो उद्देश ठाऊक नसतो. मला हे मनापासून लागतं. मुलगा वाईट नसतो. कोणाला सांगायचं, हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

किंमत सांगायची म्हटलं की आणखी एक गोष्ट उघड होते. तेच वाक्य सगळ्यांना सारखं महाग पडत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांची प्रतिज्ञा एकच होती: अल्प वेतनावर वीस वर्षं संस्थेत शिकवायचं. पण वेतनवाढ मागावी का, बाहेरची कामं करून मिळकत घ्यावी का, यावरून याच ध्येयवादी मित्रांमध्ये मोठं भांडण झालं. टिळकांचं म्हणणं होतं की आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरच्या उत्पन्नाच्या मागे लागू नये. १८९० मध्ये आजीव सदस्य असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभा या पुण्याच्या राजकीय संस्थेचं चिटणीसपद घेतल्यावर वाद टोकाला गेला, आणि संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टिळकांनी राजीनामा दिला. तत्त्व म्हणून टिळकांची बाजू भक्कम होती, असं मला वाटतं. पण टिळकांची घरची स्थिती आगरकरांपेक्षा बरी होती, हेही विसरता येत नाही. एकाच पगारात एकाचं घर चालत होतं, दुसऱ्याची ओढाताण होत होती. ती ओढाताण यशोदाबाई आगरकरांच्या वाट्याला आली. त्या पत्राचा मायना आईचा होता, हिशेब मात्र पत्नीच्या संसारातही लागला. म्हणून ध्येयाची गोष्ट घरातल्या एकाच माणसाला सांगून भागत नाही.

इथे हमखास आक्षेप येतो की हे सगळं सुशिक्षितांचं, पोट भरलेल्यांचं काम आहे. ज्याला उद्याच्या रोजीची भ्रांत आहे तो कसलं ध्येय लिहिणार? हा आक्षेप दयाळू वाटतो, पण मला तो अपमानकारक वाटतो. मराठी मुलखात गेल्या शंभर वर्षांतलं सगळ्यात ठाम जीवन-निवेदन ज्यांनी उच्चारलं त्यांच्यात निरक्षर माणसं होती, भूमिहीन मजूर होते, गिरणीत राबणारे होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रमणी महास्थवीरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा दिल्या.

त्या प्रतिज्ञा व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात एकदा तरी शांतपणे वाचाव्यात. प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी' आहे. बरीचशी वाक्यं नकाराची आहेत. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. ब्राह्मणाच्या हातून कुठलंही क्रियाकर्म करवून घेणार नाही. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. सगळी माणसं समान आहेत असं मानेन, आणि ती समता प्रत्यक्षात आणण्यासाठी झटेन. नागपूरहून गावी परतल्यावर पुढच्याच पितृपक्षात, घरातल्या पुढच्याच लग्नात किंवा मयताला त्या वाक्याची परीक्षा होणार होती, तीही भावकीसमोर. देव्हाऱ्यातले देव काढायचे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागणार होतं. आणि किंमत नुसती भावनिक नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा मुळात जवळपास हिंदूंपुरताच होता. १९५६ मध्येच तो सरसकट शिखांना मिळाला, बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावं लागलं. म्हणजे केंद्राच्या सवलतींच्या बाबतीत एका उच्चारलेल्या प्रतिज्ञेची किंमत चौतीस वर्षं मोजली गेली, आणि मुलाबाळांनीही मोजली. एवढं असून ती माणसं मागे हटली नाहीत. कारण जन्माने त्यांच्याबद्दल जे वाक्य आधीच लिहून ठेवलेलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने खोडलं होतं. ज्याच्यासाठी दुसऱ्यांनी आयुष्य ठरवून ठेवलेलं असतं, त्यालाच आपलं ठरवण्याची जास्त गरज असते.

दुसरा आक्षेप मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. हे आपल्या आतलं आहे, ते चव्हाट्यावर कशाला? अमेरिकेचा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याने तारुण्यात स्वतःसाठी सद्गुणांची यादी केली होती. एका छोट्या वहीत आठवड्याच्या सात दिवसांच्या रेघा मारून, चूक झाली की काळा ठिपका द्यायचा, असा त्याचा नेम होता. खासगी प्रयत्न म्हणून तो चोखच होता. पण त्याने एकट्याने केलेली यादी बाराच गुणांची होती. लोक तुला गर्विष्ठ समजतात, असं त्याच्या एका क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) मित्राने सांगितल्यावर तेरावा गुण, नम्रता, यादीत आला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. एकट्याने लिहिलेल्या कागदात हीच उणीव राहते. आपला त्रास ज्याला होतो तोच आपल्याला तो दाखवू शकतो.

यात एक धोका आहे, आणि तो मी कमी लेखत नाही. घरी सांगणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. बारावीतल्या मुलीने 'मला पुढची सहा वर्षं शिकायचं आहे' असं वडिलांना लिहून दिलं, तर काही घरांत दुसऱ्या दिवशी तिचा बायोडेटा फिरायला लागतो. अशा मुलीला 'मन मोकळं कर' म्हणणारा शिक्षक तिचा घात करतो. पण ध्येय लपवून ठेवणं आणि आक्षेपांना उत्तर तयार ठेवणं यांतली दुसरी वाट आपल्याकडे एका कोवळ्या वयाच्या मुलीने चालून दाखवली आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या. वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायची होती. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलेलं होतं. वैद्यकी शिकायला अमेरिकेला जाणार म्हटल्यावर लोक काय काय विचारत होते ते त्यांनी गोळा केलं, आणि भाषणाची मांडणी त्या प्रश्नांवरच केली. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का जाते? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करतेस? एकेक प्रश्न घेऊन त्यांनी उत्तरं दिली. वाळीत टाकण्याबद्दल त्यांचं म्हणणं रोखठोक होतं: मी तिथेही इथल्यासारखीच राहणार आहे, आणि टाकायचंच असेल तर आत्ताच का टाकत नाही? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी जाहीर सांगितलं. पती गोपाळरावांचा पाठिंबा होता, जाचही होता. तरी त्या व्यासपीठावर बोलण्याचं ओझं त्यांचं एकटीचं होतं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात गेल्या. तिकडे काही झालं तर, हा प्रश्न खोटा नव्हता, हे त्यांना भाषण करतानाही ठाऊक होतं.

मुलींना, खरं तर कोणालाही, ध्येयवाक्य लिहायला शिकवायचं तर सुरुवात इथून करावी. आपल्याला कोण कोण काय काय विचारणार आहे, ते आधी लिहून काढायचं. ज्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही त्याच्यापाशी थांबायचं. बहुतेक वेळा खरा निर्णय तिथेच दडलेला असतो.

मुदतीबद्दलही बोललं पाहिजे. वीस वर्षांच्या मुलाला जन्मभराचं ठरवायला सांगणं मला पटत नाही, आणि आपल्या संस्थापकांनाही ते पटलेलं दिसत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची अट वीस वर्षांची होती. गोखल्यांनी ती पाळली, १९०२ मध्ये ते फर्ग्युसनमधून मोकळे झाले आणि मग सगळा वेळ सार्वजनिक कामाला दिला. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा सदस्याच्या शपथांमध्ये संस्था जे देईल त्यात स्वतःचं आणि कुटुंबाचं भागवण्याची शपथ होती. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, हीसुद्धा एक शपथ होती. पंधरा वर्षांपूर्वीचं भांडण ज्याने अंगावर झेललं होतं त्या माणसाने ती घातली आहे, हे लक्षात घेतलं की ती नुसती सज्जनपणाची ओळ उरत नाही.

मुदत नसली की काय होतं ते पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांमध्ये दिसतं. टेबलासमोरच्या प्लायवर चिकटपट्टीने लावलेला कागद, त्यावर जाड स्केचपेनने 'उपजिल्हाधिकारी', खाली रोजचे अभ्यासाचे तास. कागदाचे कोपरे पिवळे पडलेले असतात. हे एका पदाचं नाव आहे, आणि ते मिळेपर्यंत किती वर्षं, कोणाच्या पैशावर, हे त्यात नाही. गावाकडे सोयाबीनचे पैसे आले की त्यातून मेसचे आणि खोलीभाड्याचे जातात. 'आणखी एक अटेम्प्ट' हे वाक्य फोनवर इतक्या वेळा बोललं जातं की पुढे कोणी काही विचारत नाही. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींविषयी मला आदर आहे, त्यांच्या जिद्दीविषयी तर आहेच. म्हणूनच वाटतं की त्या कागदावर पदाच्या नावाखाली एक तारीख हवी, ती तारीख घरी माहीत हवी, आणि ते पद मिळालं नाही तरी ज्या कामासाठी ते हवं होतं ते काम दुसऱ्या कुठल्या वाटेने करणार, हेही तिथे हवं. गावातल्या पाण्याचा प्रश्न सोडवायचा होता म्हणून अधिकारी व्हायचं होतं, असं लिहिलेल्या मुलाला परीक्षेनंतरही काम उरतं.

शाळांनी आणि कंपन्यांनी हा उपक्रम जरूर चालू ठेवावा. फक्त कोरा कागद देताना वर मायना लिहायला सांगावा: प्रिय आई, ती. बाबांस, ताई, किंवा ज्या माणसाच्या जिवावर हे चालणार आहे तो. मजकूर घरातल्या भाषेत असावा. त्यात मी काय करणार याबरोबर काय करणार नाही, किती वर्षं, आणि तुमच्याकडून काय मागतो, हे असावं. कागदाची मागची बाजू उत्तरासाठी कोरी राहू द्यावी, कारण समोरच्यालाही बोलायचं असतं. शैक्षणिक कर्जाच्या फाइलमध्ये एसओपीबरोबर असं एक पान बँकेने मागितलं, तर मला ते फार आवडेल. तोवर ते मुलांनी स्वतःहून द्यावं, सही व्हायच्या आदल्या रात्री तरी.

ज्या मुलाला किंवा मुलीला ते घरी नेणं सुरक्षित वाटत नाही, त्यांच्यावर सक्ती नको. मामा, आत्या, जुने शिक्षक, कोणीतरी एक माणूस त्यांनी स्वतः निवडावा. शाळेने तो कागद जमा करून घेऊ नये, तक्त्यावर लावू नये, आणि त्याला गुण तर मुळीच देऊ नयेत.